कप गळतो की चढतो? शेळ्यांच्या मिल्किंग मशीनचं दर आठ-दहा दिवसांनी उलटणारं दुखणं

आठ दिवस मशीन गुणानं चालायचं. नवव्या-दहाव्या दिवशी पहिलीच शेळी फळीवर चढली की पाय आपटायला लागायची. धार अर्धी निघाली न निघाली तोच दूध थांबायचं, कास मात्र हाताला भरलेलीच लागायची. कप काढला की सड बघवायचे नाहीत. टोकाला जांभळट, पिळून काढल्यासारखे चपटे आणि बुडाशी गोल वळ. मग मेकॅनिकला फोन. तो यायचा, काहीतरी उघडायचा, झाडायचा, एखादा भाग नवा टाकून पैसे घेऊन जायचा. मशीन सुधारायचं आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. दिवाळीपासून होळीपर्यंत हेच चाललं होतं.

आमचा आखाडा सेलू तालुक्यात आहे. दुभत्या शेळ्या १४, त्यातल्या ९ बीटल-उस्मानाबादी संकर आणि ५ निव्वळ उस्मानाबादी. आधीच सांगते, तुमच्याकडं नुसत्या उस्मानाबादी असतील तर मशीनच्या नादी लागू नका. ती मटणाची आणि जुळ्या करडांची शेळी. दिवसाला अर्धा ते एक लिटर दूध, ते तिच्या पिल्लांनाच पुरतं. आम्ही मशीन घेतलं ते संकरित शेळ्यांपायी आणि माझ्या उजव्या मनगटापायी. रोज २८ धारा हातानं काढून ते असं सुजायचं की भाकरी थापता यायची नाही.

मशीन साधंच आहे. अर्ध्या एचपीची सिंगल फेज मोटर, व्हॅक्यूम पंप, हवेची टाकी, भिंतीवर ओढ दाखवणारं गेज, ओढ कमी-जास्त करणारा रेग्युलेटर, स्टीलची बादली, तिच्या झाकणावर पल्सेटर आणि दोन कपांचा एक क्लस्टर.

पहिला दोष आम्ही शेळीला दिला. आमच्याकडं एक कोपरी नावाची शेळी आहे, मुलखाची आडमुठी. तिला पुढून बांधलं, मागून बांधलं, खुराक वाढवला, ह्यांनी तिला दोन शिव्याही घातल्या. पण त्याच दिवशी बाकीच्या गरीब शेळ्याही नाचत होत्या, तेव्हा तिच्या स्वभावाचा काही संबंध नव्हता. मग कपांतले रबरी लायनर बदलले. नवे लायनर टाकले त्या दिवशी मशीन झकास चाललं, म्हणून आम्हाला वाटलं रोग सापडला. दहाव्या दिवशी तेच.

तिसरी चूक सगळ्यात महागात पडली. फोनवर सल्ला मिळाला, "दूध मागं राहतंय म्हणजे ओढ कमी पडतेय, रेग्युलेटर थोडा आवळा." ह्यांनी आवळला. सुई ३८ वरून ४६ किलोपास्कलवर गेली. दोन दिवस दूध सरसर आलं, आम्ही खूष. चौथ्या दिवशी दोन शेळ्यांना दगडी, म्हणजे कासेचा दाह, झाली. कास तापलेली, दुधात गाठी. एकीचा एक सड कायमचा गेला. त्या एका पेचाचं मला अजून वाईट वाटतं.

शेळीला ओढ साधारण ३५ ते ४० किलोपास्कल लागते. पाऱ्याच्या हिशेबात २६० ते ३०० मिलिमीटर, म्हणजे साधारण सव्वादहा ते पावणेबारा इंच. गायीची मशीनं याहून बरीच वर, ४२ ते ५० वर चालतात. आपल्याकडं बहुतेक मशीनं गायी-म्हशींसाठी बनतात आणि शेळीवाल्याला तीच जुळवून दिली जातात. म्हणून मशीन घरी आल्यावर पहिलं काम सुई बघण्याचं. आणि दूध मागं राहतंय म्हणून ती वर चढवायची नाही. एकदाही नाही.

खरा धागा सापडला तो आमच्या आत्याबाईंना. त्यांनी चाळीस वर्षं हातानं धारा काढल्या, मशीनकडं त्या अजूनही पाहुण्याकडं बघावं तसं लांबूनच बघतात. एका बुधवारी दाराशी बसून सकाळचा तमाशा बघत होत्या. म्हणाल्या, "काल कुट्टी झाली का गं?"

"झाली की. भावजींनी दोन गाडे कडबा कुटला."

"मागच्या खेपेलाबी कुट्टीच्या दुसऱ्या दिवशी नाचल्या या."

मला आधी हसू आलं. पण मी रोजचं दूध दिनदर्शिकेच्या चौकटीत लिहिते आणि कुट्टीला लावलेल्या माणसाची मजुरीही तिथंच. दोन्ही आकडे शेजारी शेजारी बघितले. गेल्या पाच वेळा दूध घटलं होतं, त्यातल्या चार वेळा आदल्या दिवशी कुट्टी होती. पाचव्या वेळचं कारण निराळं निघालं, ते पुढं सांगते.

आमची कडबा कुट्टी आणि धारेची जागा एकाच पत्र्याखाली होती, मध्ये दहा-बारा फूट. परभणी मोती ज्वारीचा वाळलेला कडबा कुटला की पिवळा धुरळा उठतो, त्यात सोयाबीनच्या भुसकटाची भर. तास-दोन तासांनी खाली बसतो. बसतो कुठं, तर सगळ्यांवर. बादलीच्या झाकणावरच्या पल्सेटरवरसुद्धा.

पल्सेटर काय करतो हे मला तोवर नीट ठाऊक नव्हतं, विकणाऱ्यानंही सांगितलं नव्हतं. कपात दोन थर असतात. बाहेर स्टीलचं कवच, आत रबरी लायनर. लायनरच्या आत, जिथं सड असतो, तिथं ओढ सतत चालू असते. कवच आणि लायनर यांच्या मधल्या फटीत मात्र पल्सेटर आळीपाळीनं एकदा ओढ देतो, एकदा बाहेरची हवा सोडतो. ओढ दिली की लायनर उघडतो आणि दूध येतं. हवा सोडली की लायनर सडाभोवती मिटतो, सडाला दाबून विसावा देतो, तिथं साचलेलं रक्त माघारी जातं. करडू जिभेनं दाबून सोडतं, तोच प्रकार. ही बाहेरची हवा पल्सेटर एका बारीक भोकातून घेतो, त्यावर टीचभर फिल्टर असतो. मिनिटाला ७०-८० वेळा तो हवा घेतो, आणि हवेबरोबर धुरळाही.

आम्ही तो फिल्टर काढला तेव्हा पिठाच्या गिरणीतलं जाळं हातात आल्यासारखं वाटलं. थंडीतल्या दवानं भुकटी ओलसर होऊन त्याचा पापड झाला होता. हवा आत जायला वाटच नव्हती. म्हणजे लायनर उघडत होता, पण पुरता मिटत नव्हता. सडाला विसावा नाही, नुसती ओढ. अशा वेळी सड सुजतो आणि कप हळूहळू वर चढतो. चढलेला कप कासेच्या तोंडाशी सड आवळून धरतो, वरचं दूध खाली उतरायला जागा उरत नाही. कास भरलेली असून धार बंद होते ती यामुळं. शेळी लाथ मारते कारण तिला दुखतं, खोडी म्हणून नाही.

आणि फिल्टर तुंबलेला असतानाही भिंतीवरचं गेज बरोबर ३८ दाखवत होतं! आम्ही त्या सुईवर विसंबलो. गेज फक्त ओढ सांगतं, लायनर मिटतो की नाही ते सांगत नाही. पल्सेटरचा टक-टक आवाजही चालूच असतो, त्यानंही माणूस फसतो. मेकॅनिक दर खेपेला तो फिल्टर झाडून जात होता. काय बदललं ते सांगायचा, काय झाडलं ते सांगायचा नाही.

म्हणून कुणाचंही मशीन असं रुसलं की मी आधी एकच विचारते, कप गळतो की चढतो? दोन्ही वेळा दूध मागं राहतं आणि दोन्ही वेळा शेळी अस्वस्थ होते, पण उपाय एकमेकांच्या उलटे आहेत.

कप चढत असेल, सड जांभळे आणि वळ उठलेले निघत असतील, तर अंगठ्याची परीक्षा करा. हात धुवा, मशीन सुरू करा, एका कपाला बूच लावा आणि दुसऱ्यात अंगठा घाला. मशीन ठीक असेल तर अंगठ्याभोवती स्पष्ट दाब येतो आणि सुटतो, दाब येतो आणि सुटतो. पल्सेटर गुदमरलेला असेल तर दाब येतच नाही, नुसतं ओढल्यासारखं होतं आणि मिनिटभरात अंगठ्याच्या टोकाला मुंग्या येतात. तेव्हा कळतं शेळी का नाचत होती. दोन्ही कपांत करून बघा. एकाच कपात दाब कमी लागला तर पल्सेटरपेक्षा त्या कपाकडं जाणारी हवेची आखूड नळी बघा, तिला वाकवल्यावर चीर दिसते. कवचात दूध सापडलं तर लायनर फाटलाय. ते दूध नळीतून थेट पल्सेटरपर्यंत जातं आणि आत वाळून चिकटतं.

मग फोनवर घड्याळ लावून मिनिटभर ठोके मोजा. गायीला ६० चालतात, शेळीला ७० ते ९० हवेत. विजेवर चालणाऱ्या पल्सेटरचे ठोके फिल्टर तुंबला तरी बरोबर भरतात, म्हणून नुसत्या मोजण्यावर जाऊ नका. हवेवर चालणारा असेल तर धुरळ्यानं तो लंगडतो, एक ठोका लांब एक आखूड. थंडीच्या पहाटेला त्याचा रबरी पडदा कडक होतो आणि ठोके घटतात. तेव्हा लगेच पेच फिरवायला जाऊ नका, दहा मिनिटं रिकामं चालू द्या.

पल्सेटर कोरड्या मऊ ब्रशनं साफ करायचा, चिकट असेल तर स्पिरिटच्या बोळ्यानं. तेल घालायचं नाही. शिवणयंत्राला घालतो तसं ह्यांनी एकदा दोन थेंब सोडले होते, आतलं रबर फुगलं आणि नवा संच आणावा लागला.

आता दुसरी बाजू, म्हणजे कप गळण्याची. इथं सड गुलाबी, मऊ, चांगले असतात, पण कप सरकतो, फुर्र आवाज करतो आणि खाली पडतो. आमचा तो पाचवा दिवस असाच होता. कुट्टी नव्हती, पल्सेटर स्वच्छ होता, सकाळी सगळं ठीक आणि संध्याकाळी प्रत्येक शेळीचा कप गळत होता. रब्बीचं पाणी सुरू होतं, ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवर सगळ्यांच्या मोटारी. मल्टिमीटर लावला तर मोटर चालू असताना जेमतेम १७५ व्होल्ट. व्होल्टेज एवढं पडलं की मोटरची ताकद जवळपास निम्म्यावर येते. पंपाचा पट्टा घसरत होता आणि सुई ३० च्या खाली लोंबत होती. त्यात आमची वायर खांबापासून लांबून आलेली, बारीक, मध्ये तीन जोड. जाड वायर एकसंध ओढली तेव्हा बरंच सुधारलं. राहिलेलं आम्ही वेळ बदलून भागवलं, संध्याकाळची धार आता साडेचारला. मोजायचं ते मोटर चालू असताना मोजा, बंद मोटरीवर सगळ्यांकडंच २२० दाखवतं.

व्होल्टेज ठीक असून कप गळत असेल तर हवा कुठून तरी शिरतेय. दोन्ही कपांना बूच लावा, सुई जागेवर येऊ द्या, मोटर बंद करा आणि सुईकडं बघत उभं राहा. सावकाश उतरली तर बरं, धाडकन पडली तर गळती आहे. ट्यूब पंक्चर शोधतो तसा साबणाचा फेस इथं कामाचा नाही. टायरातून हवा बाहेर येते, इथं ती आत ओढली जाते, बुडबुडा फुगतच नाही. आम्ही उदबत्ती वापरतो. मोटर चालू ठेवून जोडांजवळून, झाकणाच्या कडेनं हळूहळू फिरवायची. जिथं धूर सरळ वर जायचा सोडून आत वळतो तिथं भोक. फक्त कडब्याच्या गंजीपासून लांब, शेजारी पाण्याची बादली ठेवून. आमची गळती झाकणाच्या रबरी वायसरला निघाली, त्यात भुसकटाची एक काडी अडकलेली. ओल्या बोटानं पुसून उलटा बसवला की झालं.

दोन्ही कपांचं दूध जिथं एकत्र येतं त्या क्लॉला एक सुईएवढं भोक असतं, त्याकडं कुणी बघत नाही. त्यातून थोडी हवा आत येते आणि दूध नळीतून पुढं ढकललं जातं. ते तुंबलं की क्लॉ दुधानं भरतो, ओढ खालीवर होते, कप सटकतो. बारीक तारेनं मोकळं करा, पण मोठं करू नका. मोठं झालं तर क्लॉ बदलावा लागतो.

नळीला लोंबता झोळ नको, ओल्या सडाला कप लावायचा नाही, आधी कोरडं पुसून घ्यायचं. गायीचे रुंद तोंडाचे लायनर उस्मानाबादीच्या बारीक सडाला बसत नाहीत, तिथं हवा शिरणारच. उलट बीटल संकराचे काही सड वर जाड, खाली निमुळते असतात, त्यांना कप चढायची खोड असते. आमच्या दोन शेळ्या अशा आहेत. त्यांचा कप दूध मंदावलं की लगेच उतरवते.

लायनर सहा महिने चालतील असं आम्हाला सांगितलं होतं. हिशेब महिन्यांचा नसतो, धारांचा असतो. रबरी लायनर साधारण २५०० धारांनंतर ढिला पडतो. १४ शेळ्या, दोन वेळा, एकच क्लस्टर म्हणजे दिवसाला २८ धारा. तीन महिन्यांत २५०० भरतात. सहा महिने वापराल तर अर्धा काळ मेलेल्या रबरावर काढाल. बदलल्याची तारीख मी बादलीच्या बुडावर मार्करनं लिहिते.

धुण्याबद्दल थोडक्यात. पहिलं पाणी कोमट, कडकडीत नाही, नाहीतर दूध आतच शिजून चिकटतं. मग गरम पाणी, धुण्याची पावडर, ब्रश, आणि शेवटी साधं पाणी. आमचं बोअरचं पाणी जड, चहाच्या पातेल्यात पांढरा थर धरणारं. तोच थर नळ्यांत दुधाबरोबर दगड होऊन बसतो. म्हणून आठवड्यातून एकदा डेअरीच्या दुकानात मिळतं ते आम्लाचं द्रावण फिरवायचं, पावडरीबरोबर एकत्र मात्र कधीच नाही.

शेळीकडचं एक लक्षात ठेवण्यासारखं आहे. गायीच्या मानानं शेळीच्या कासेत तयार दूध खालच्या पोकळीत जास्त साठतं, त्यामुळं ते पटकन निघतं. आमच्या बहुतेक शेळ्या दोन-तीन मिनिटांत मोकळ्या होतात. त्यानंतर कप लावून ठेवणं म्हणजे रिकामा सड ओढणं. मी दूध मंदावलं की ओढ बंद करते, कप आपोआप सुटू देते, ओढून काढत नाही. शेवटच्या चार धारा हातानं. मग आयोडीनच्या द्रावणात सड बुडवायचा आणि समोर खुराक टाकायचा, म्हणजे अर्धा तास तरी ती खाली बसत नाही. सडाचं तोंड तेवढा वेळ उघडं असतं.

दगडी झालेली शेळी सगळ्यात शेवटी आणि हातानंच, मशीनला लावायची नाही. तिचं दूध काळ्या कापडावर गाळून गाठी बघते. दगडी तपासायचं द्रावण दुधात टाकून बघण्याची पद्धत शेळीला जपून वापरा. शेळीच्या दुधात पेशी मुळातच जास्त असतात, थोडं घट्ट झालं म्हणून घाबरून इंजेक्शन देऊ नका. दोन्ही सडांची तुलना करा, एकच बाजू घट्ट असेल तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

डेंग्यूच्या दिवसांत लोक शेळीचं दूध शोधत आखाड्यावर येतात, कच्चंच पाहिजे म्हणतात. त्यानं प्लेटलेट वाढतात याला डॉक्टर दुजोरा देत नाहीत, आणि कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस हा आजार माणसाला होऊ शकतो हे मात्र नक्की. मी उकळूनच प्या म्हणून सांगते, मग काही जण दुसरीकडं जातात.

कुट्टीचा बंदोबस्त सगळ्यात स्वस्तात झाला. मोटर आणि पंप भिंतीपलीकडं खताच्या खोलीत नेले, भिंतीला भोक पाडून नळी आणली. रेग्युलेटरलाही हवेचा फिल्टर असतो, तो तुंबला की सुई आपोआप वर चढते, म्हणून कुट्टीच्या वेळी मशीन बंद ठेवून त्यावर पिशवी बांधतो आणि धारेआधी आठवणीनं सोडतो. पल्सेटरवर फडकं गुंडाळायचा प्रयोग आम्ही करून पाहिला, त्यानं हवाच अडते, करू नका. झाकण पल्सेटरसकट धुतलं की घरात येतं. दर शनिवारी अंगठ्याची परीक्षा असते, ती आता आत्याबाई घेतात. मशीनला हात लावायचं त्यांचं तेवढंच काम आणि त्या ते फार गंभीरपणे करतात.

होळीपासून आजवर जांभळा सड दिसलेला नाही. कोपरी मात्र अजून मशीनला उभी राहत नाही, तिची धार मी हातानंच काढते. लाईट गेली तर बाकीच्यांचीही काढायला यावी म्हणून तेवढी सवय बरी. भावजींनी आत्ताच कुट्टी सुरू केली आहे. झाकण स्वयंपाकघरात मांडणीवर, पिठाच्या डब्याशेजारी आहे.